एका ‘हट्टी’पुढे सहा शब्द : साताऱ्यातल्या एका सीडीएस उमेदवाराच्या इंग्रजी शब्दसंग्रहाचे प्रकरण

घर खटाव तालुक्यात, पुसेगावच्या पंचक्रोशीत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे साताऱ्यात बी. एस्सी. पदवीनंतर पोवई नाक्याच्या बाजूला खोली घेऊन राहिलेली ही मुलगी पहाटे अजिंक्यतारा चढून-उतरून येते आणि नऊपासून अभ्यासिकेत बसते. तयारी सीडीएसची, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या ‘कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेस’ परीक्षेची, आणि जायचे आहे चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत.

या अकादमीसाठी गणिताचा पेपर नसतो. लेखी परीक्षा २०० गुणांची. १०० इंग्रजीचे, १०० सामान्यज्ञानाचे. म्हणजे लेखीचा निम्मा भार इंग्रजीवर. पेपर दोन तासांचा, प्रश्न १२०, आणि चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न त्यात येतातच, शिवाय रिकाम्या जागा, वाक्प्रचार आणि उताऱ्यांतही शब्दच अडवतात. शब्द सुटा विचारत नाहीत. वाक्यात घालून त्याखाली रेघ मारलेली असते. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, ते या प्रकरणात दिसते.

परीक्षेला १२५ दिवस उरले होते तेव्हाची स्थिती अशी. सहा जाड वह्या भरल्या होत्या. बाजारात मिळणाऱ्या शब्दसंग्रहाच्या एका पुस्तकातून वर्णानुक्रमाने रोज ४० शब्द, असे साठ दिवस, एकूण २,४००. प्रत्येक पानावर तीन रकाने: इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ. सकाळी आदल्या दिवसाचे पान दोनदा वाचायचे, रविवारी आठवड्याची सगळी पाने. कष्टात कसूर नव्हती. तरी जुन्या प्रश्नपत्रिकांतले समानार्थी-विरुद्धार्थीचे २० प्रश्न सोडवले की बरोबर यायचे ८, फार तर ९. ‘माझी स्मरणशक्तीच कमी आहे,’ असे तिचे मत झाले होते. ते खरे नव्हते.

वह्यांची तपासणी

वह्यांतला दर सोळावा शब्द उचलून १५० शब्द काढले आणि तीन प्रकारे विचारले. शब्द दाखवला की मराठी अर्थ सांगायचा: ६१ बरोबर. तोच शब्द वाक्यात घालून, त्या वाक्यात त्याचा अर्थ काय ते सांगायचे: ४४. त्या शब्दाचे स्वतः वाक्य करायचे: १७.

हे तीन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. साठ दिवसांच्या मेहनतीतून अर्थ डोक्यात राहिलेले शब्द पाचांतले दोन, आणि वापरता येणारे नवांतला जेमतेम एक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्थ पाठ असूनही वाक्यात शब्द अडत होता. दोष स्मरणशक्तीचा असता तर तो पहिल्या चाचणीतच संपायला हवा होता. इथे पाठ केलेला अर्थच अपुरा किंवा चुकीचा होता.

मग चुकांची वर्गवारी केली. सगळ्यात मोठा ढीग निघाला तो ‘एक मराठी शब्द, अनेक इंग्रजी शब्द’ या प्रकारचा. वह्यांत ‘हट्टी’ हा अर्थ सहा शब्दांपुढे लिहिलेला सापडला: स्टबर्न, ऑब्स्टिनेट, डॉगिड, टेनेशस, ऑब्ड्युरेट, रिकॅल्सिट्रंट. सहाही पाठ होते आणि म्हणूनच सहाही निरुपयोगी झाले होते. टेनेशस हा बहुतेक वेळा कौतुकाचा शब्द आहे. तिला वाक्य आले ते युद्धभूमीवर ठाणे न सोडणाऱ्या तुकडीचे. वाक्य स्तुतीचे, पर्यायांत ‘चिवट’ या अर्थाचा शब्द समोर होता, पण मनात ‘हट्टी’ बसलेले; तिने दोष दाखवणारा शब्द निवडला.

गंमत अशी की हे सहा शब्द वेगळे करायला मराठी पुरेपूर समर्थ आहे. चिकाटी, हट्ट आणि हेका यांत आपण रोजच्या बोलण्यात गल्लत करत नाही. पोराने चिकाटी धरली म्हटले की शाबासकी, हट्ट धरला म्हटले की कुरकुर, हेका धरला म्हटले की वैताग. त्याच मापाने बसवले तर टेनेशस आणि डॉगिड चिकाटीकडे जातात. डॉगिडमध्ये दमूनही रेटत राहण्याची छटा जास्त. स्टबर्न म्हणजे साधा हट्टी, कधी कौतुकानेही. ऑब्स्टिनेट म्हणजे हेकट, समजावले तरी न ऐकणारा. ऑब्ड्युरेट म्हणजे काळीज दगडाचे, विनवण्यांनी न द्रवणारा. उरला रिकॅल्सिट्रंट. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला टाचेसाठीचा शब्द आहे आणि मूळ अर्थ ‘मागे लाथ झाडणे’. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार लहानपणापासून पाहिलेल्या मुलीला हा शब्द समजावायला दुसरे काही लागत नाही. मानेवर जू घेऊ न देणारा, लाथा झाडणारा खोंड: तो रिकॅल्सिट्रंट. माणसाबद्दल वापरला तर शिस्त किंवा हुकूम न मानणारा. हा शब्द तिला पुन्हा कधी अडला नाही.

दुसरा ढीग निघाला मराठी अर्थाच्या रकान्यातूनच. पुस्तकात असिड्युअस या शब्दापुढे ‘अध्यवसायी’ असे छापलेले होते. तिने ते प्रामाणिकपणे पाठ केले होते. ‘अध्यवसायी म्हणजे काय?’ असे विचारल्यावर बराच वेळ शांतता. एका न कळणाऱ्या शब्दाला दुसरा न कळणारा शब्द बांधून ठेवला, तर दोन्ही बुडतात. असे बरेच निघाले. त्यातले काही कसे बदलले ते पाहा. असिड्युअस: नेटाने, खंड न पडू देता काम करणारा. डिफिडंट: बुजरा. टॅसिटर्न: अबोल, आपल्याकडे ज्याला घुमा म्हणतात तो. ऑफिशस: न विचारता लुडबुड करणारा, कार्यालयाशी याचा संबंध लावला की चूक. फॅस्टिडिअस: काटेकोर, सहजी पसंत न पडणारा, नाक मुरडणारा. पार्सिमोनिअस: चिक्कू, आणि फ्रूगल: काटकसरी. पार्सिमोनिअसला ‘मितव्ययी’ म्हटले की निंदा गळून पडते आणि विरुद्धार्थी प्रश्नात हमखास गुण जातो.

अर्थ घरात बोलल्या जाणाऱ्या शब्दांत लिहायचा, हा नियम या प्रकरणात सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. गावाकडची मराठी येते म्हणून इंग्रजी कच्चे राहते, असे अनेक मुलांना वाटते. उलट आहे. छटा ओळखण्याची सवय ज्याला मातृभाषेत आहे, त्याच्याकडे अर्धे भांडवल आधीच असते; छापील कृत्रिम अर्थ ते भांडवल वापरू देत नाहीत.

तिसरा ढीग देवनागरी उच्चारांच्या रकान्याचा. उच्चार स्पेलिंगवरून अंदाजाने लिहिलेले होते आणि वाचताना नजर इंग्रजी शब्दावरून घसरून देवनागरीवर बसायची. त्यामुळे जवळजवळ असणारे शब्द एकमेकांत विरघळले. इमिनंट म्हणजे अगदी येऊन ठेपलेला, एमिनंट म्हणजे नामवंत. वहीत दोन्हीपुढे उच्चार ‘इमिनन्ट’. व्हरेशस म्हणजे सत्यवचनी, व्होरेशस म्हणजे अधाशी, दोन्हीपुढे ‘वोरेशिअस’. परीक्षेत शब्द रोमन अक्षरांत समोर येतो आणि तिच्या डोक्यात त्याचे अक्षररूप नव्हतेच. हा रकाना पूर्ण बंद केला. उच्चार शब्दकोशाच्या ॲपवर ऐकायचा, दोनदा मोठ्याने म्हणायचा, लिहायचा नाही.

वर्णानुक्रमाने शिकण्याचाही यात हात होता. इन्जीनिअस म्हणजे कल्पक आणि इन्जेन्युअस म्हणजे निष्कपट, भाबडा. हे दोन शब्द कोशात शेजारी असतात, म्हणून एकाच दिवशी पाठ झाले आणि कायमचे गुंतले. दिसायला सारखे शब्द एकाच बैठकीत शिकले की असे होतेच. आणि हे फक्त दिसण्यापुरते नाही. समानार्थी शब्दांचा अख्खा गट एका दिवशी पाठ करण्याची शिफारस जागोजागी होते. पण अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकवले की ते शिकायला अधिक वेळ लागतो, हे १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसले आहे. आधी एकेक शब्द वेगळा पक्का, मग त्यांची तुलना, हा क्रम बरोबर.

चौथा ढीग लहान, पण गुण खाणारा: वरवरच्या रूपावरून बांधलेले अंदाज. एनर्व्हेट म्हणजे जोम आणणे नव्हे, जोम काढून घेणे. नॉइसम म्हणजे गोंगाटाचा नव्हे, उग्र वासाचा, किळसवाणा. रेस्टिव्ह म्हणजे विसावलेला नव्हे, चुळबुळणारा, आवरायला अवघड. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याला रस नाही तो, असे सर्रास बोलले जाते. परीक्षेला अपेक्षित अर्थ मात्र नि:पक्षपाती, स्वतःचा स्वार्थ नसलेला. असे शब्द वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहायचे, एवढाच उपाय.

आणि काही चुका शब्दांच्या नव्हत्याच. विरुद्धार्थी विचारलेला असताना घाईत समानार्थी निवडणे, हे वीस प्रश्नांत दोन-तीनदा घडत होते. प्रश्नगटाच्या सूचनेतल्या त्या एका शब्दाभोवती पेन्सिलने गोल करायला सांगितले आणि हा प्रकार थांबला.

वाचणे आणि आठवणे

इतके सगळे सुधारले तरी उजळणीची पद्धत तीच राहिली असती तर पुन्हा तेच झाले असते. ती पान वाचत होती. वाचताना तिन्ही रकाने डोळ्यांसमोर असतात, प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे, असा समज होतो. विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडले. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगांत पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले, पण आठवड्याने मात्र स्वतःची परीक्षा घेणारे पुढे गेले. सकाळी पान वाचून दुपारी आनंदी असणारी आणि रविवारी रिकामी होणारी ही मुलगी म्हणजे त्याच निष्कर्षाचे चालते उदाहरण.

म्हणून पहिले दहा दिवस नवा शब्द घ्यायचाच नाही, असे ठरले. तिला हे फार जड गेले. वह्या मिटून ठेवायच्या म्हणजे साठ दिवस पाण्यात, अशी भीती. त्या दहा दिवसांत शब्दांची चाळणी केली. जुन्या प्रश्नपत्रिका ही परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीच्या संकेतस्थळावर मिळतात. पाच वर्षांच्या दहा प्रश्नपत्रिका घेऊन त्यातले रेघ मारलेले शब्द तर उतरवलेच, शिवाय चारही पर्याय उतरवले. एका प्रश्नातून पाच शब्द मिळतात, आणि पर्यायातला शब्द पुढे कधीतरी प्रश्नात येतो. पुन्हा पुन्हा आलेले आणि आधीपासून पक्के असलेले वगळल्यावर उरले ५८०. पुस्तकातल्या हजारो शब्दांपेक्षा ही यादी लहान आहे, पण परीक्षेच्या पट्ट्यातली आहे.

यादीचे पुन्हा दोन भाग केले: अर्धवट माहीत असलेले आणि पूर्ण अनोळखी. अर्धवट माहीत असलेले आधी घ्यायचे. त्यांना कमी फेऱ्या लागतात, आणि निसटते गुणही तेच परत मिळवून देतात.

खोके आणि कार्डे

जाड पांढऱ्या कागदाची सात बाय दहा सेंटिमीटरची कार्डे कापली. कार्डाच्या समोरच्या बाजूवर सुटा शब्द लिहायचा नाही. स्वतः रचलेले इंग्रजी वाक्य लिहून शब्दाखाली रेघ मारायची, जसा तो परीक्षेत येतो. मागे पाच गोष्टी, त्याहून जास्त नाही: घरगुती मराठीत अर्थ, बेरीज किंवा वजाबाकीचे चिन्ह, म्हणजे शब्द कौतुकाचा की निंदेचा, एक विरुद्धार्थी, शब्द कोणाच्या सोबतीने येतो, आणि मुळाचा काही उपयोग होत असेल तर एक ओळ.

टेनेशसचे कार्ड असे झाले. समोरचे वाक्य: दोन विहिरी कोरड्या गेल्या तरी तिसरी खणायला घेणाऱ्या शेतकऱ्याचे. मागे: ‘धरले ते न सोडणारा, चिवट’, बेरजेचे चिन्ह, विरुद्ध यील्डिंग, म्हणजे नमते घेणारा, सोबत ग्रिप आणि मेमरी, म्हणजे घट्ट पकड आणि पक्की स्मृती, मूळ ‘धरणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद. वाक्य पुस्तकातून उचललेले नाही, खटावच्या दुष्काळातून आलेले आहे, म्हणून ते टिकते. शब्दांना आपल्या मुलखात जागा शोधायची, हे तिला लवकर जमले. सातारा जिल्हा त्याला सोयीचाही आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण-खटावकडे पाचशेच्या आसपास; डेल्यूज (महापूर), कोपिअस (विपुल) एकीकडे आणि डर्थ (टंचाई), ॲरिड (कोरडा) दुसरीकडे, एकाच जिल्ह्यात. इफेमरल, म्हणजे क्षणभंगुर, हा शब्द कासच्या पठारावर गेला: काही आठवड्यांत फुलून ओसरणारी फुले.

बेरीज-वजाबाकीच्या चिन्हावर जास्त बोलले पाहिजे, कारण त्याचा थेट हिशेब मांडता येतो. १२० प्रश्नांना १०० गुण, म्हणजे एका प्रश्नाला ०.८३ आणि चुकीला ०.२८ वजा. चारांतला एक डोळे मिटून निवडला तर सरासरी हिशेब शून्यावर येतो. ना फायदा, ना तोटा. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.०९ पदरात पडतात. दोन बाद करता आले तर ०.२८. आता शब्दाचा नेमका अर्थ आठवत नाही, पण तो निंदेचा आहे एवढे पक्के ठाऊक असेल, तर समानार्थी विचारल्यावर कौतुकाचे दोन पर्याय अनेकदा तिथेच गळतात. अर्धवट आठवणही गुण देते, ती याच चिन्हामुळे.

कार्डे ठेवायला कंदी पेढ्यांचा एक मोठा खोका घेतला आणि पुठ्ठ्याचे आडवे तुकडे घालून पाच कप्पे केले. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२मध्ये लोकप्रिय केली. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात. समोरची बाजू वाचायची, अर्थ मोठ्याने सांगायचा, मगच उलटायचे. बरोबर आले तर पुढच्या कप्प्यात, चुकले तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ आणि पाचवा सोळा दिवसांनी. पाचव्यातही बरोबर आले की कार्ड खोक्याबाहेर.

रोज नवे शब्द ८. तिला हा आकडा अपमानासारखा वाटला. ४० वरून ८. हिशेब मांडल्यावर पटले. एकही चूक न होता कार्ड पाच वेळा पाहावे लागते. रोज ८ नवी म्हणजे घडी बसल्यावर दिवसाला ४० कार्डे, आणि चुकलेली परत येतात ती धरून ५५ ते ६०. एका कार्डाला पंधरा सेकंद धरले तर पंधरा मिनिटांत उजळणी. रोज ४० नवी घेतली तर तेच गणित पाचपट होते: तीनशेच्या आसपास कार्डे, सव्वा तास, आणि तोही रोज, धावणे आणि सामान्यज्ञान सांभाळून. तो सव्वा तास मिळत नाही, उजळणी तुंबते, आणि मग पान नुसते वाचून काढले जाते. साठ दिवसांत नेमके हेच झाले होते.

दुसरा हिशेब कॅलेंडरचा. एक, दोन, चार, आठ, सोळा यांची बेरीज ३१. म्हणजे कुठलाही शब्द खोक्यातून पूर्ण बाहेर पडायला किमान महिना लागतो. परीक्षेच्या शेवटच्या ३१ दिवसांत नवा शब्द घेणे म्हणजे तो अर्ध्यावर सोडणे. १२५ मधून चाळणीचे १० आणि शेवटचे ३१ वजा जाता ८४ दिवस. त्यातले १२ रविवार नव्या शब्दांविना. ७२ गुणिले ८, म्हणजे ५७६. यादीत ५८० होते, गणित जुळले.

मुळे कुठे कामी आली, कुठे फसवून गेली

लॅटिन-ग्रीक मुळांची दोनशेची यादी तिच्या वहीत होती. ती २५वर आणली. शाळेतली मराठी आणि आठवी ते दहावीचे संस्कृत ज्याचे झाले आहे त्याला काही मुळे नव्याने शिकावी लागत नाहीत, कारण ती एकाच जुन्या भाषाकुळातून आलेली आहेत. पद आणि पेड, मृत आणि मॉर्ट, जन आणि जेन, दंत आणि डेंट. मॉरिबंड म्हणजे मरणपंथाला लागलेला, हे मृ धातू आठवला की सुटते. इम्पीड या शब्दात पाय आहे, आणि मूळ कल्पना पायात अडकवण्याची; मराठीत आपण खोडा घालणे म्हणतो, ते शब्दशः तेच. एक्स्पिडाइट म्हणजे अडकलेला पाय सोडवणे, म्हणून काम वेगाने पुढे नेणे. मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा. त्यातला मॅग्नस आणि आपला महा हे सख्खे नातलग.

पण मुळावर विसंबून नवा अर्थ शोधून काढणे धोक्याचे. इन हा उपसर्ग नकार दाखवतो, असे धरून तिने इन्व्हॅल्युएबलचा अर्थ ‘किंमत नसलेला’ असा लावला. अर्थ आहे अमोल. इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारा नव्हे, चटकन पेटणारा. मूळ हे आठवायला मदत करते, ओळखायला नाही. आधी शब्दकोश, मग मूळ. शब्दकोशही शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी हवा. त्यात व्याख्या दोन-तीन हजार सोप्या शब्दांत देतात, म्हणून मराठी अर्थ ताडून पाहता येतो.

वाचनाबद्दल थोडे. ती रोज इंग्रजी अग्रलेख घेऊन बसायची आणि एका लेखात पन्नास-साठ शब्दांखाली रेघा मारायची. भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या २००६च्या अंदाजानुसार वर्तमानपत्रे-कादंबऱ्या विनाअडथळा वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कूळ) लागतात. तेवढी नसताना अग्रलेख म्हणजे दगड फोडणे. शंभर शब्दांत पाचाहून जास्त अडले की तो मजकूर बाजूला ठेवायचा, असा नियम केला. खेळाचे पान आणि राज्याच्या बातम्या यांपासून सुरुवात झाली. नवा शब्द शोधायचा नाही. कार्डावरचा शब्द दिसला की कार्डामागे एक टिंब द्यायचे.

काय बिघडले

दोनदा गाडी अडली. पहिल्यांदा पुसेगावच्या यात्रेत. सहा दिवस घरी, खोके साताऱ्याच्या खोलीत. परतल्यावर ९० कार्डे तुंबलेली. एका रात्रीत सगळी संपवायला बसली, रात्री दीडपर्यंत, आणि शेवटच्या तीस कार्डांत निम्म्याहून जास्त चुकली. ती सगळी पहिल्या कप्प्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा ढीग आणखी मोठा. तुंबलेले काढायचे ते असे: नवे शब्द बंद, नेहमीपेक्षा थोडी जास्त कार्डे, आणि सुरुवात खालच्या कप्प्यांपासून. चौथ्या-पाचव्या कप्प्यातले शब्द चार दिवस उशिरा पाहिले तर फारसे बिघडत नाही; पहिल्यातले मात्र चार दिवसांत पुसले जातात. पाच दिवसांत खोके मार्गी लागले. मधला रविवार सोडून हे दहा दिवस गेल्यामुळे ५७६ ऐवजी एकूण ४९६ शब्द झाले.

दुसऱ्यांदा सहाव्या आठवड्यात. पहिला कप्पा कमीच होईना. पाहिले तर ३७ कार्डे अशी, की पाच-पाच वेळा मागे आलेली. अशा चिकट कार्डांवर जास्त जोर देणे हा चुकीचा उपाय. ती कार्डेच चुकीची लिहिलेली असतात. ३७ही बाहेर काढून नव्याने लिहिली. वाक्य बदलले, आणि ज्या जोड्या एकमेकांत अडकत होत्या त्यातला एक शब्द दोन आठवड्यांसाठी खोक्याबाहेर ठेवला. व्होरेशससाठी खूण: रोमन अक्षरांत व्हीनंतर येणारा तो गोल ओ म्हणजे आ वासलेले तोंड, म्हणून अधाशी. व्हरेशससाठी व्हेरिफाय: खरे-खोटे तपासणे, म्हणून सत्यवचनी. खुणा तिने स्वतः शोधलेल्याच टिकल्या. ॲपवरच्या विनोदी खुणा दोन दिवसांत शब्दाला सोडून गेल्या.

फेरचाचणी

परीक्षेच्या तीन आठवडे आधी तेच १५० शब्द पुन्हा विचारले. त्यातले २४ मधल्या काळात कार्डांवर आले होते, १२६ आले नव्हते. कार्डांवरच्या २४ पैकी आधी ११ येत होते. आता अर्थ २१, वाक्यातला अर्थ २०, स्वतःचे वाक्य १४. कार्डांवर न आलेल्या १२६ पैकी आधी ५० येत होते, आता १८. साठ दिवसांचे पाठांतर कुठे गेले त्याचा हा सरळ जबाब. उरलेले १८ शब्द पाहिले तर त्यातले बहुतेक तेच निघाले, ज्यांचे वाक्य तिला पहिल्या चाचणीतच करता आले होते.

जुन्या, न पाहिलेल्या प्रश्नपत्रिकांतल्या २० प्रश्नांत आता १४ ते १६ बरोबर येऊ लागले. उरलेल्या चुकांत अनोळखी शब्द कमी आणि वाक्प्रचार जास्त होते. वाक्प्रचारांना हे खोके नीट लागू पडत नाही, कारण त्यांचा अर्थ सुट्या शब्दांतून निघत नाही आणि वाक्य रचायला गेले की ओढूनताणून होते. त्यासाठी वेगळी पातळ वही आणि रोज तीन, एवढेच जमले. वेळ पुरला नाही.

स्वतःचे वाक्य करण्याचा आकडा बाकीच्यांच्या मागेच राहिला. लेखी परीक्षेला तो लागत नाही, पण पुढे एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळापुढच्या मुलाखतीला, बोलायचे असते. म्हणून खोक्याबाहेर पडलेल्या कार्डांतून रोज तीन काढून, रात्री खोलीतल्या मैत्रिणीशी त्या शब्दांसह दोन मिनिटे इंग्रजीत बोलायचे, असे सुरू केले. सुरुवातीला वाक्ये अडखळत, मग विषय गावाकडचे निघू लागले: विहीर, खोंड, टँकर.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात खोक्यात १८८ कार्डे होती, बहुतेक चौथ्या-पाचव्या कप्प्यातली. ३०८ बाहेर पडलेली. चिकट ३७ पैकी ११ अजूनही चिकटच. ती ११ रबर लावून बॅगेत गेली, आणि सहा वह्या पुसेगावच्या घरी, माळ्यावर.